गादीवाल्याचा आकडा

गादीवाल्याचं अर्ध्याहून जास्त जठर कापून काढलं. शुद्धीवर आल्यावर कॅन्सर गेल्याचं कळलं, ते त्याला पटलं. पण जेवणानंतरची सिगारेटही गेली, हे काही केल्या पचनी पडेना.

मोडक्या खुर्च्या-सोफ्यांच्या गाद्या भरायचा त्याचा धंदा. आत लाकूड कितीही किडलेलं असो, वरून कापड असं ताणून ठोकायचा की बसणाऱ्यानं ऐटीत मांडी घालावी. झाकपाक हेच पोटापाण्याचं साधन म्हटल्यावर लपवाछपवी कुणी शिकवायला नको. काही महिने कळ काढली आणि मग सिगारेटचं पाकीट दुकानातल्या आरामखुर्चीच्या पाठीत, काथ्याच्या आत मुक्कामाला आलं. टाके सैल घातलेले. दोन बोटं सारली की काम झालं.

डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "काका, दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं. त्यात ट्यूमर मार्कर म्हणून एक आकडा असतो. आजार परत डोकं काढायला लागला, तर तो पुष्कळदा चढतो. नुसत्या आकड्यावर काही ठरत नाही, पण चढला की आपण शोधायला लागायचं."

पहिले रिपोर्ट सरळ आले. मग आकडा थोडा चढला. घरच्यांच्या काळजाचं पाणी पाणी झालं. लेक सासरहून धावत आली, त्याच्या बहिणीनं आगाऊच रडून घेतलं. बायको देव पाण्यात घालून बसली. गादीवालाही घाबरला, आणि घाबरला म्हणून दुकानात जाऊन दोन जास्त ओढल्या.

स्कॅन स्वच्छ निघाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, सिगारेट ओढता का? ओढणाऱ्यांचा हा आकडा थोडा वर राहू शकतो."

"छे हो, कधीच सोडली त्यांनी," बायकोनं परस्पर सांगून टाकलं.

गादीवाला बुडाखालच्या स्टुलाची गादी चाचपत म्हणाला, "ह्याची शिवण उसवलीय बघा."

तीस वर्षांच्या संसारानंतर बायकोला ओळखायला एवढं पुरेसं होतं.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "मी इथं जीव मुठीत धरून बसले होते, आणि तुम्ही धूर काढत होतात?"

"अगं, मग बरंच झालं की. कॅन्सर नाही, सिगारेट निघाली."

"तुमच्यापेक्षा तो कॅन्सर बरा. निदान तोंडावर खोटं बोलत नाही."

तिनं थेट दुकान गाठलं, आरामखुर्चीच्या पाठीचे सैल टाके हेरले आणि कात्रीनं ती पाठ फाडली. त्या दिवसापासून त्याची सिगारेट खरोखर सुटली. मरणाच्या भीतीनं न सुधारलेला माणूस रक्ताच्या रिपोर्टाला भ्याला. आकडा खाली आला, आणि बायको आळीभर सांगत सुटली, "मला आता वास घ्यायला नको. त्यांचं रक्तच चहाडी करतं."

वर्षभरानं आकडा पुन्हा चढला. मागच्यापेक्षा बराच वर.

लेक फोनवर हसली, "बाबांनी पुन्हा सुरू केली वाटतं." बहीण हसली. शेजारच्यानंही गादीवाल्याला डोळा मारला. तो मात्र हसला नाही. आपण सिगारेटीला हात लावलेला नाही, हे घरात त्याला एकट्यालाच ठाऊक होतं.

संध्याकाळी बायको दुकानात आली.

"ओढलीत ना?"

"नाही."

"मी काही बोलणार नाही. एखादी तरी ओढली असेल."

"अगं, नाही ओढली."

"खोटं बोलायची तुमची सवय मला ठाऊक आहे," ती म्हणाली. पण आवाजाला धार नव्हती.

हो म्हणावं, असं त्याच्या ओठांवर आलं होतं. एका शब्दात घर हसतं झालं असतं. पण तोच शब्द उद्या डॉक्टरीणबाईंना कसा सांगायचा? "या खेपेला खरंच नाही," तो म्हणाला.

तिनं कात्री उचलली. आरामखुर्चीची पाठ फाडली, काथ्या उपसला. मग गिऱ्हाइकाच्या नुकत्याच भरलेल्या सोफ्याला हात घातला. एरवी त्यानं दुकान डोक्यावर घेतलं असतं. आज तो म्हणाला, "त्या निळ्या खुर्चीच्या हातातही बघ. तिथंही ठेवायचो कधी कधी."

तिनं कोपरापर्यंत हात घालून चाचपलं. जमीन काथ्यानं भरली, हात रिकामाच बाहेर आला. ती खुर्चीच्या उघड्या सांगाड्यावर टेकली.

"उद्या स्कॅनची वेळ घेऊ," ती म्हणाली.

"घेऊ." त्यानं दाभणात दोरा ओवला. "तोवर हे कापड धर. ताणून. सोफेवाला सकाळीच यायचाय."