यमाईच्या डोंगराकडे वळवलेली लेन्स

मला बघायला आले तेव्हा आमच्या ह्यांनी पोह्यांची बशी रिकामी व्हायच्या आत होकार दिला होता. तोच माणूस एक लेन्स निवडायला अख्खा पावसाळा घालवतो म्हटल्यावर माझं डोकं फिरणारच.

सांगलीत ह्यांना भूपाल फोटोवाले म्हणून ओळखत. स्टुडिओ लहानसा. लग्नसराईत गर्दी, एरवी माशा मारत बसायचं. माणूस सरळ, पण इतका सरळ की घरच्यांना ताप व्हावा. लग्नाच्या मुलीचा फोटो काढला तर तिच्या गालावरचे देवीचे व्रण ते पेन्सिलीनं बुजवत नसत. निगेटिव्हवर हात फिरवणं म्हणजे खोटं बोलणंच, म्हणायचे. खोटं न बोलण्याचं व्रत त्यांनी विशीतच मुनिमहाराजांसमोर घेतलं होतं आणि ते दुकानातही पाळत. गिऱ्हाईक उठून शेजारच्या स्टुडिओत जाई. मी चिडायची, हे कॅमेरा पुसत बसायचे.

त्यांचा खरा जीव डोंगर, पाखरं आणि जनावरं यांत. पंचाहत्तर साली मिरजेचे एक म्हातारे डॉक्टर आपलं फोटोचं सामान काढून टाकत होते. त्यांच्याकडे दोन लेन्स होत्या, त्यातली एक ते ह्यांना देणार होते. एक रुंद, सगळी डोंगररांग एका फोटोत मावेल अशी. दुसरी चारशे मिलिमीटरची, हातभर लांब, दूरचं जनावर पुढ्यात आणून उभं करणारी. हे आज रुंद म्हणायचे, उद्या लांब. जेवताना ताटात बोटानं डोंगर काढायचे.

"अहो, एकदाची कुठली ती घ्या आणि भात संपवा," मी म्हटलं.

"रुंद घेतली तर जनावराच्या फोटोसाठी त्याच्या अंगावर जावं लागंल, चंदन. ते भिणार, पळणार. आपल्या हौसंपायी त्याच्या जिवाला घोर कशाला?"

अशी लांब लेन्स घरी आली. ती चामड्याच्या पेटीत होती आणि आमचं घर जैन, म्हणून सासूबाईंनी पेटी उंबऱ्याबाहेरच अडवली. मग मी जुन्या लुगड्याची जाड पिशवी शिवली. एवढी जड लेन्स हातात धरली की चित्र हलतं, त्यामुळे सोबत तीन पायांचं लाकडी तिकाटणंही आलं. ते खांद्यावर टाकून हे निघाले की लोक विचारत, जमीन मोजायला का?

पुढच्या फेब्रुवारीत आम्ही विट्याला माझ्या भावाकडे, जवाहरकडे गेलो. तिथून एसटीनं औंधला जायचं आणि पलीकडच्या माळावर हिंडायचं, असा ह्यांचा परिपाठ. तिसऱ्या दिवशी ह्यांना एका ओघळीच्या काठाखाली लांडग्याचं बीळ दिसलं. बिळात पिलं होती. त्या रात्री ह्यांना झोप लागली नाही.

त्याच माळावर कोंडीबाचा मेंढरांचा वाडा होता. कोंडीबा धनगर, पन्नाशीचा, बोलायला गोड. पहिल्या दिवशी उन्हातून आलो तेव्हा त्यानं आम्हाला ताक पाजलं. त्याची दोन कोकरं लांडग्यानं नेली होती.

"ठिकाण घावू द्या खाली, आण्णा," तो म्हणाला. "मिरचीचा धूर देतो बिळात. भाईर येतील तशी एकेक काठीखाली घेतो. मग काठीला टांगून वस्त्यावस्त्यांवर फिरवायची, लोक ज्वारी घालत्यात."

हे गप्प बसले. बीळ तोपर्यंत सापडलं नव्हतं, म्हणून गप्प बसण्यात खोटं काही नव्हतं.

बीळ सापडल्यावर मात्र ह्यांनी फार सांभाळलं. जवळ जायचं नाही, पाऊल उमटू द्यायचं नाही. समोरच्या टेकाडावर, शे-दीडशे पावलांवर, करवंदीच्या आडोशाला तिकाटणं रोवलं आणि लेन्स बिळावर नेमून ठेवली. मी डबा घेऊन शेजारी. दिवस मावळायच्या आत आमची जेवणं व्हावी लागतात आणि लांडगीण बाहेर येणार तीही त्याच वेळेला. मी दोनदा भाकरी पुढं केली, ह्यांनी दोनदा हातानं थांबवलं.

"आली," ते पुटपुटले.

मला तांबूस ठिपका तेवढा दिसला. मग त्याच्या पायांशी काहीतरी वळवळलं. ह्यांचा श्वास थांबला होता. बोट बटनावर टेकलं होतं. पावसाळाभराचा घोळ, डॉक्टरांकडे मारलेल्या खेपा, खांद्याला पडलेले वळ, सगळं त्या एका बोटात आलं होतं.

आणि माझ्या मागं खडे वाजले. वळून बघते तर कोंडीबा टेकाड चढून वर येत होता.

बीळ लपवायला म्हणून आम्ही लांब बसलो होतो. पण तिकाटण्यावरची ती हातभर नळी बिळाकडे बोट दाखवत उभी होती! आंधळ्यालासुद्धा कळलं असतं. मी ह्यांच्या सदऱ्याला हिसका दिला. ह्यांनी वळून पाहिलं. बटन दाबायला डोळ्याची पापणी लवण्याइतका वेळ लागतो, तेवढा वेळ होता. त्यांनी बटन दाबलं नाही. लेन्स गर्रकन उजवीकडे, यमाईच्या डोंगराकडे वळवली.

"काय बघताय आण्णा येवढं?" कोंडीबा धापा टाकत म्हणाला.

"डोंगर हाय की," हे म्हणाले. तेवढं खरंच होतं.

"मला बी दावा देवीचं देऊळ." त्यानं पागोटं मागं सारलं, डोळा लावला. बराच वेळ बघत राहिला. "समदं धुरकाट दिसतंय. देऊळ कुठं हाय ह्यात?"

ह्यांचा चेहरा पांढरा पडला. लेन्स जवळच्या बिळासाठी नेमलेली, डोंगर त्यात धुकंच दिसणार. ह्यांनी लेन्सवरचं कडं फिरवलं.

"आता दिसलं! कळस बी दिसतुया." कोंडीबानं डोळा काढला, कड्याकडे बघितलं, मग ह्यांच्याकडे. "मग मगाशी काय बघत हुता? डोंगूर तर दिसत नव्हता."

खाली ओघळीत पिलं अजून बाहेर होती. त्यानं मान डावीकडे वळवली असती तर संपलंच होतं. मी देवाचं नाव घ्यायचंही विसरले.

"काय न्हाई, कोंडीबा," हे म्हणाले. "नुसतीच बसवत हुतो. तिकडं काय न्हाई."

कोंडीबा हसला, मला म्हणाला, "वैनी, भाकरी घाला ह्यास्नी, तोंड उतरलंय," आणि आला तसा उतरून गेला. त्यानं विश्वास ठेवला, हेच ह्यांना लागलं. सूर्य बुडाला होता. त्या दिवशी ह्यांनी काही खाल्लं नाही, आणि भाकरी तशीच परत आणावी लागली म्हणून मी रडले. खरं तर भाकरीसाठी नव्हतेच रडले.

ह्यांनी पुन्हा त्या माळावर पाऊल ठेवलं नाही. पिलं वाचली असतील, एवढ्या समाधानावर मी तो विषय मिटवला. ह्यांचा मिटला नाही. भाद्रपदातलं आमचं पर्व संपलं की आम्ही लोक घरोघर जाऊन वर्षभरातल्या चुकांची क्षमा मागतो. बहुतेक जण शेजारी आणि पाहुणे एवढ्यावर भागवतात. हे म्हणाले, "मला औंधला जायचंय."

"कशाला उकरून काढता? गोष्ट मेली म्हणा, पण तो कोंडीबा जिता आहे. काठी घालील डोक्यात!"

"घालू दे."

एकटं कसं सोडणार? मीही गेले.

कोंडीबा वाड्याच्या तोंडाशी बसला होता. ह्यांनी चपला काढल्या, हात जोडले आणि सगळं सांगितलं. बीळ कुठं होतं, पिलं किती होती, लेन्स कशी वळवली. कोंडीबाच्या तोंडावरचं हसू हळूहळू गेलं. मी त्याच्या काठीकडे बघत होते. त्यानं ती उचललीसुद्धा नाही.

"चार पिलं," तो म्हणाला. "आता दांडगी झाल्यात ती. पावसाळ्यात माझी सहा नेली. परवा एक नेलं, पंधरा दिसाचं."

"जीव वाचावा म्हणून बोललो, कोंडीबा."

"मग माझी काय दगडं हुती व्हय? त्यास्नी जीव नव्हता?" तो ओरडला नाही, ओरडला असता तर बरं झालं असतं. "तुमच्या नळीत लांबचं लांडगं दिसलं. हितं उंबऱ्यात ताक पिताना माझी कोकरं न्हाई दिसली?"

हे अजून हात जोडूनच उभे होते.

"क्षमा कर," हे शेवटी म्हणाले.

"मला कशाला? माझं प्वाट काय, भरंल कसं बी." कोंडीबा उठला, आत जाऊन एका मेंढीला कानाला धरून घेऊन आला. तिची कास दुधानं तटतटली होती, आणि ती सारखी ओरडत होती. "परवाचं हिचं हुतं. हिला मागा."

मला वाटलं, आता हे मान खाली घालून निघतील. हे गुडघ्यावर बसले. त्या मेंढीसमोर हात जोडले आणि माणसासमोर म्हणावं तसं म्हणाले, "माझं चुकलं. मला क्षमा कर." मेंढीनं त्यांचे जोडलेले हात हुंगले, त्यात काही नाही असं बघितलं आणि मान वळवून पुन्हा माळाकडे तोंड करून ओरडायला लागली.