रस्ता मोकळा, तरी गाडीने ब्रेक मारला

मंडळी, आज सकाळी हैदराबादेत बरकतपुऱ्याहून नामपल्लीला निघालो होतो. पुढे कोणीच नव्हतं, तरी माझ्या इलेक्ट्रिक गाडीने आपोआप करकचून ब्रेक मारला. मागची ऑटो जेमतेम थांबली.

वाटलं, ऑटोवाला आता शिव्या देणार. तो खिडकीत वाकून म्हणाला, "लगा तो नै, साब?"

सर्व्हिस सेंटरवाल्यांनी गाडी तपासली. म्हणाले, रेकॉर्डमध्ये काहीच दिसत नाही, तुम्हाला भास झाला असेल.

मग घरी पोचलो. बायको जाऊन आठ महिने झालेत, पण दार उघडताच तोंडातून निघालं, "अगं, आज काय झालं ऐक."

म्हणून इथे लिहितोय. तुमच्यापैकी कुणाच्या गाडीने असं केलंय का? केलं नसलं तरी दोन ओळी लिहा.