बाज्याचा घोडा

छिन्नी लावण्याआधी दगडावर तळहात ठेवून जरा थांबायचं. बिडी पेटवायची आणि ओढायला विसरायचं. गिऱ्हाईक बोलत असताना बघायचं मात्र दगडाकडे. खोकला आला तर हातोडा न सोडता नुसतं तोंड वळवायचं. शहाद्याचा मुनव्वर मिस्तरी असा होता.

पहिलं महायुद्ध संपल्यावर कचेरीच्या आवारात स्मारकाचा दगड लागला, तो त्यानंच कोरला. तालुक्यातली किती माणसं लढाईला गेली, किती परतली नाहीत, एवढंच त्यावर होतं. नावं नव्हती. हुकूमच तसा होता.

एका बाजारच्या दिवशी सातपुड्यातल्या कालीबाईनं त्या दगडाला शेंदूर फासला, पुढ्यात मोहाची दारू सांडली. तिचा बाज्या फौजेची खेचरं हाकायला समुद्रापार बसऱ्याला गेला आणि तिकडंच मेला. तुझ्या पोराचा दगड कचेरीत लागलाय, असं तिला कुणी सांगितलं होतं. पट्टेवाल्यानं तिला हाकललं आणि शेंदूर पुसायला मुनव्वरला बोलावलं. ती फाटकाशी बसून राहिली.

"मिस्तरी, याम्हा मन्हा बाज्या कोठे शे?"

"नाव नई शे, माय. आकडा शे."

"आकडा घोडावर बसस का?"

मुनव्वरचा हात थांबला. तिच्या लोकांत मेलेल्यासाठी दगडावर घोडेस्वार कोरतात. जीव तिथं येऊन बसतो. नाहीतर वाऱ्यावर भटकतो. पण मुनव्वरनं जन्मभर अक्षरंच कोरली. सजीवाची आकृती करायची नाही, हा घरचा नेम.

"होळीले ये," तो म्हणाला.

अंगणात घोड्याचे कान दिसू लागले तसा बिबीजाननं, त्याच्या बायकोनं, कपाळावर हात मारला. "बुढ़ापे में जानदार बनाओगे? अल्ला बोलेगा, अब इसमें जान डालो. तब?"

"बोलूंगा, जान तो थी. मैंने बैठने को जगह दी."

बिबीजान मग दगडावरची धूळ तेवढी पदरानं झाडत राहिली.

थंडीत खोकला छातीत उतरला. माघात मुनव्वर गेला. आदल्या दिवशी तो उन्हात बसून छिन्नीला धार लावत होता.

होळीला कालीबाई कोंबडा घेऊन आली. गावात दुसरा कोणी तो दगड हातात घेईना. घोडा पुरा झाला होता. लगाम होता, रिकीब होती. तिनं खोगिरावरून हात फिरवला.

स्वार कोरायचा राहिला होता.