सुभेदारांची सिक परेड

सुभेदार संगणकावर आलेली तक्रार मोठ्यानं वाचायचे, आणि तीही मराठीत. पडद्यावरचा मजकूर इंग्रजी असायचा, लिहिणारा ब्राझीलचा नाहीतर पोलंडचा, पण देवळाली कॅम्पातल्या त्या दोन खोल्यांत तो मराठीतच ऐकू यायचा. "हा म्हनतो, काल अपडेट केलं आन् सकाळधरनं मशीन उठंना." तोफखान्यात उभी नोकरी झाल्यामुळे त्यांच्या डाव्या कानानं केव्हाच राजीनामा दिला होता, म्हणून आवाज कवायतीच्या मैदानावरचा. समोर त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, मेथी निवडत बसलेल्या असत. त्या मान वर न करता म्हणत, "मग त्याचं काम अडलं आसंल की." काकूंना संगणकातलं काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायची हौसही नव्हती. पण तक्रार त्यांच्या कानावर घातल्याशिवाय सुभेदार तिला उत्तर देत नसत.

ज्यांचा या उद्योगाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एका संगणकाच्या पोटात दुसरा संगणक चालवता येतो; त्या आतल्याला आम्ही मशीन म्हणतो. आतल्याला वाटतं आपण खरेखुरे आहोत, आपल्याला स्वतःची डिस्क आहे, स्वतःचा पडदा आहे. प्रत्यक्षात ती डिस्क म्हणजे बाहेरच्यातली एक फाइल असते आणि सगळं बाहेरच्याच्या जिवावर चाललेलं असतं. हे घडवून आणणारं एक सॉफ्टवेअर जगभरचे लोक मिळून फुकट लिहितात आणि फुकट वाटतात. फुकट म्हटल्यावर तक्रारी कमी येत असतील अशी कोणाची समजूत असेल तर ती काढून टाकावी. ढिगानं येतात. कोणती खरी, कोणती अर्धवट, कोणती आधीच येऊन गेलेली आणि कोणती हातातलं काम टाकून प्रोग्रामरकडे पळत न्यायची, ही निवड कोणीतरी आधी करावी लागते. अंबड एमआयडीसीतल्या कंपनीतली नोकरी सांभाळून मी उरल्या वेळात ती करायचे. सुभेदार पेन्शनीवर आल्यानंतर पूर्णवेळ करायचे, पगाराविना, पण रोज दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून.

त्यांची माझी ओळख नाशिकच्या एका कॉलेजात झाली. आम्हा मंडळींचा मेळावा होता. सगळी पोरं टी-शर्टात, आणि मागच्या रांगेत हे एकटेच पॉलिश केलेल्या बुटांत ताठ बसलेले. कोणाचे तरी वडील न्यायला आले असतील असं मला वाटलं. माझं बोलणं संपल्यावर ते उठून उभे राहिले आणि नाव, हुद्दा, गाव निफाड तालुक्यात, हल्ली मुक्काम देवळाली कॅम्प, अशी सगळी हजेरी देऊन म्हणाले, "ताई, मला भरती व्हायचंय." मुलगा परदेशी जाताना जुना संगणक घरी ठेवून गेला होता. त्यावर खटपट करताना त्यांनी स्वतःच एक तक्रार नोंदवली होती आणि कुठल्याशा परक्या देशातून तिला उत्तर आलं होतं. "चार ओळींचंच व्हतं," ते म्हणाले, "पन मला लय बरं वाटलं. पलीकडं कोणीतरी हाय म्हनलं." तेवढ्या आधारावर ते भरती झाले.

फौजेत सकाळी आजारी जवानांची रांग लागते आणि डॉक्टर एकेकाला बघून ठरवतो: याला औषध देऊन ड्यूटीवर धाडायचं, याला दाखल करायचं, आणि हा नुसताच कवायत चुकवायला आलाय. सुभेदार तक्रारींच्या यादीला सिक परेडच म्हणत. "आज परेड मोठी हाय ताई," असा त्यांचा निरोप यायचा. फरक एवढाच, की त्यांच्या परेडमध्ये कवायत चुकवणारा कोणी नसे. एखाद्यानं नुसतं 'चालत नाही' एवढंच लिहिलं तर आमच्यातला दुसरा कोणीही ते बाजूला सारून पुढे जाईल. सुभेदार त्याला विचारत बसायचे, आधी चालत होतं का, मग मधे काय केलंत, आत्ता पडद्यावर काय दिसतंय. मी एकदा म्हटलं, "काका, कशाला वेळ घालवता? त्याला स्वतःलाच काय झालंय ते माहीत नाही." त्यावर म्हणाले, "आमच्यात जो बडबड करत यायचा ना, त्याला मी नाय भ्यायचो. जो गप बसायचा त्याला भ्यायचो."

हे भिणं मात्र त्यांच्या अंगात जरा जास्तच होतं. तोफांच्या शेजारी आयुष्य काढलेला हा माणूस गॅसचा खटका बंद केलाय की नाही हे बघायला नाशिकरोडहून परत घरी जायचा. उत्तर पाठवायच्या आधी ते पाठ होईपर्यंत वाचायचे, पाठवल्यावर पुन्हा वाचायचे, आणि मग ऐन जेवणाच्या सुट्टीत मला फोन करायचे. "ताई, त्या मानसाला मी चुकीचं तर नाय ना सांगितलं?" माझा डबा उघडा, पोळी गार. मी म्हणायचे, "नाही हो काका, बरोबर आहे." "मग ठीक है," म्हणून ठेवायचे, आणि माझी भाजी संपायच्या आत फोन पुन्हा वाजायचा. कंपनीतल्या बायका मला विचारायच्या, सासरे का गं? कधीकधी मला खरोखर वैताग यायचा, पण फोन न उचलायची हिंमत मात्र झाली नाही.

परेड फारच मोठी असली की आम्ही सगळे एक तयार उत्तर वापरत असू. तक्रारीबद्दल आभार, कृपया नवी आवृत्ती घ्या, मशीन बंद करून पुन्हा चालू करा, तरीही अडचण राहिली तर कळवा. बहुतेक दुखणी तेवढ्यानं जातात आणि लोकही खूश होतात. सुभेदारांना ते उत्तर आवडत नसे. "नाडी न बघता गोळी," असं ते म्हणायचे. पण नवी आवृत्ती बाहेर पडली की तक्रारींना धरबंध राहत नसे, आणि त्यांनाही त्याच गोळीवर भागवावं लागायचं.

अशाच एका गर्दीत एका बाईची तक्रार आली. कुठल्याशा डोंगराळ देशातल्या गावात ती कमी ऐकू येणाऱ्या मुलांची छोटी शाळा चालवत होती. मुलांचे कान तपासायचं तिचं सॉफ्टवेअर इतकं जुनं, की नव्या संगणकावर ते चालेना, म्हणून तिनं ते आतल्या संगणकात ठेवलं होतं. प्रत्येक मुलाच्या वर्षानुवर्षांच्या तपासण्या, कोणाच्या कानातलं यंत्र कसं जुळवायचं, सगळं त्यात. दुसरीकडे कुठेही त्याची प्रत नव्हती. अपडेटनंतर मशीन जरा अडखळतंय, असं तिनं सुरुवातीला लिहिलं होतं. काकू त्या सकाळी कॅम्पातल्या बाजारात गेल्या होत्या. ऐकायला घरात कोणी नाही म्हणून सुभेदारांनी ती तक्रार मनातल्या मनात वाचली, म्हणजे वरवर चाळली, आणि तयार उत्तर पाठवून दिलं.

काकू पिशवी घेऊन आल्या तेव्हा त्यांनी सवयीनं सकाळची परेड पुन्हा मोठ्यानं म्हणायला घेतली. त्या बाईच्या तक्रारीच्या शेवटाशी त्यांचा आवाज थांबला. डिस्कची फाइल जिथे असते तो फोल्डर रिकामा दिसतोय, असं तिनं लिहिलं होतं, तरी मशीन चालू आहे याचं नवल वाटतं. "काय वो, काय झालं?" काकूंनी विचारलं. सुभेदारांनी आधी टाइप केलं आणि मग मला फोन लावला. "ताई, फोल्डर रिकामा हाय आन् मशीन चालू हाय. आन् मी तिला बंद करायला सांगून बसलो."

मला हातातला चहा खाली ठेवावा लागला. आमच्या नव्या आवृत्तीनं साफसफाई करताना तिची फाइल चुकून पुसली होती, पण चालू असलेल्या मशीननं ती अजून धरून ठेवली होती. जोवर मशीन चालू तोवर आतलं सगळं शाबूत. बंद केलं की पकड सुटणार आणि त्या मुलांच्या तपासण्या कायमच्या जाणार. सुभेदारांनी दुसरं उत्तर पाठवलं होतं: मशीन बंद करू नका, कशालाही हात लावू नका. पण पहिलं वाचून तिनं लगेच बटण दाबलं असेल तर? तिचा ना फोन नंबर आमच्याकडे, ना गावाचं नाव.

उत्तर येईना. आम्ही ती आवृत्ती मागे घेतली, इतरांचं नुकसान टळलं, आणि वेळीच ओळखल्याबद्दल सगळ्यांनी सुभेदारांचं कौतुक केलं. त्यांना ते ऐकूच गेलं नाही, आणि या वेळी दोष कानाचा नव्हता. शनिवारी दुरुस्तीसाठी आपल्याकडची लाईट गेली की त्यांचा चेहरा उतरायचा. "तिच्याकडं बी जात आसंल का हो लाईट?" जेवण कमी झालं, बोलणंही कमी झालं. एकदा ते म्हणाले, "मी सोता कानानं गेलेला मानूस. आन् त्या पोरांचं ऐकणं माझ्याच हातनं जावं?" मी समजूत घालत होते, पण खरं सांगायचं तर माझाही धीर सुटला होता. कंपनीत पोचल्यावर पर्स ठेवायच्या आधी मी ती नोंद उघडून बघायचे.

त्यातच निफाडला त्यांच्या पुतण्याचं लग्न आलं. मलाही आग्रहाचं बोलावणं होतं. मंगलाष्टकं चाललेली, सगळे अक्षता टाकतायत, आणि नवरदेवाचे थोरले काका फेटा बांधून मांडवाच्या कडेला मोबाईल डोळ्यांशी धरून उभे. त्यांच्या मुठीतल्या अक्षता मुठीतच राहिल्या. धाकटा भाऊ चिडला. "दादा, आजच्या दिवस तरी ठिवा की ते." काकू मधे पडल्या. "राहू द्या भाऊजी. त्यांचा जीव तिकडं अडकलाय." पंगत बसली तेव्हा सुभेदार ताटावरून उठून माझ्याकडे आले आणि त्यांनी मोबाईल पुढे केला. मी तो त्यांच्याकडून काढून घेतला आणि बँडच्या गोंगाटात त्यांच्या चांगल्या कानाशी वाचून दाखवलं.

'पावसामुळे आमचं इंटरनेट बंद होतं. तुमची दोन्ही उत्तरं आज एकदमच मिळाली. वीजही गेली होती, पण शाळेच्या बॅटरीनं तारून नेलं. फोल्डर रिकामा दिसल्यापासून मला इतकी भीती वाटते आहे की मी मशीनला हातच लावलेला नाही. झाडणाऱ्या बाईलाही त्या खोलीत जाऊ दिलेलं नाही. मी भित्री आहे, माफ करा. आता काय करू?'

माझा लॅपटॉप गाडीत होता. आहेराची भांडी ठेवलेल्या खोलीत, पातेल्यांच्या चळतींमध्ये आम्ही बसलो. चालू मशीननं धरलेल्या फाइलची प्रत बाहेर काढायची होती. प्रत्येक पायरी सुभेदार आधी माझ्या लॅपटॉपवर करून बघायला लावायचे आणि मगच तिला कळवायचे. मधेच तिचं उत्तर यायला उशीर झाला की ते उठून दारापर्यंत जायचे आणि परत यायचे. प्रत निघाली. तिनं ती दुसऱ्या मशीनमध्ये उघडली. मुलांची नावं दिसली, तपासण्या दिसल्या. आता जुनं मशीन बंद केलं तरी चालणार होतं, पण तेवढं सांगायला सुभेदार तयार होईनात. "ताई, अजून एकदा बघायला सांगा तिला. यादीतल्या शेवटच्या पोराचं बी हाय का इचारा." होतं. मग 'आता मशीन बंद करा' हे वाक्य त्यांनीच एका बोटानं टाइप केलं. तिनं मशीन बंद केलं, प्रतीवर सगळं चालतंय असं कळवलं, आणि सुभेदार त्या पातेल्यांत बसून रडले. काकू जिलबीचं ताट घेऊन आल्या होत्या. ते तसंच खाली ठेवून त्या त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

परतताना गाडीत मी म्हटलं, "काका, तुमच्यामुळे वाचलं हो सगळं." ते खिडकीबाहेर द्राक्षांच्या बागांकडे बघत होते. "माझ्यामुळं नाय. ती भ्याली म्हनून वाचलं. मी जल्मभर भ्यालो, आन् त्या दिवशी नेमका नाय भ्यालो."

मग त्यांनी आमच्याकडे दोन गोष्टी मागितल्या. तयार उत्तराची पहिली ओळ बदला, ही पहिली. आता ते उत्तर 'मशीन आहे तसंच राहू द्या' असं सुरू होतं. दुसरी मागणी मला जड गेली. तक्रारींवर निर्णय द्यायचे आपले अधिकार काढून घ्या, असं ते म्हणाले. सगळ्यांनी विनवलं, काम करू नका पण नाव राहू द्या. "बंदूक जमा केल्याबिगर पेन्शनीवर जाता येत नाय," ते म्हणाले. "एक डाव निभावलं. दुसऱ्यांदा माझी छाती नाय." ते अधिकार काढायचं काम आमच्यात माझ्याकडे होतं. मी देवळालीला गेले आणि त्यांच्या शेजारी बसून ते केलं. त्यांनी पडद्यावरून आपलं नाव गेलेलं बघितलं, "ठीक है," म्हणाले, आणि मला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही.

त्यानंतर ते फार दिवस जगले नाहीत. मी अजून ते काम करते. बरोबरचे म्हणतात, तू हल्ली फार हळू झालीस, एवढ्याशा उत्तराला एवढा वेळ कशाला लागतो? खरं आहे. पाठवायच्या आधी मी भिते. पूर्वी भीत नव्हते. त्यावर उपाय बरेच जण सुचवतात, पण मला ते भिणं घालवायचं नाही.