नव्याण्णववरचा साप

मला बघायला पाहुणे आले, त्या दिवशी मी चहाच्या ट्रेमध्ये सापशिडी घालून नेली. आता नातवंडं मला वेंधळी म्हणतात तेव्हा मी गप्प बसते, कारण त्यांना ही गोष्ट अजून कळलेली नाही.

सापशिडी दुकानातली नव्हती. सत्तरच्या दशकातल्या एका उन्हाळ्याच्या सुट्टीत ताईने आणि मी आईच्या शालूच्या खोक्याचं झाकण कडा कापून सपाट केलं आणि त्याच्या आतल्या बाजूला स्वतःची सापशिडी आखली. घरं हळद-कुंकवाच्या पाण्याने रंगवली. ताईचं अक्षर चांगलं, म्हणून ती लिहायची. साप माझ्याकडे. शंभरावर मुंडावळ्या बांधलेले नवरा-नवरी आणि खाली 'लग्न'. शिड्या होत्या मॅट्रिक पास, शिवणाचा क्लास, पुरणपोळी न फुटता भाजली. साप होते चष्मा लागला, मोठ्याने हसली, सायकलवरून पडली. नव्याण्णववर सगळ्यात जाड, जीभ बाहेर काढलेला साप: 'सासूला पसंत नाही'. त्याची शेपटी थेट सगळ्यात खालच्या ओळीत, 'कायमची घरी' या घरात. दहा-अकरा वर्षांच्या दोन मुलींना हे कुणीही शिकवलं नव्हतं. आठवलं की आजही मी हबकते.

त्याहून हबकले ते पुढे, कारण खेळ खरा व्हायला लागला. नववीत मला फळ्यावरचं दिसेना आणि डॉक्टरांनी जाड भिंगांचा चष्मा दिला. घरी येऊन मी हमसून रडले. आईला वाटलं डोळ्यांसाठी रडतेय. मी रडत होते साप चावला म्हणून. मॅट्रिक पास झाले तेव्हा पेढे यायच्या आधी ताईच्या कानात सांगितलं, मी चढले. ताई माझ्या आधी शंभरावर पोचली. दिवाळीला माहेरी आली तेव्हा मी मोठ्या उत्सुकतेने तिला विचारलं, शंभराच्या पुढे काय असतं गं. ती म्हणाली, भांडी. मला वाटलं थट्टा करतेय.

मग ऐंशीच्या दशकात माझा नंबर आला. आधीच्या दोन ठिकाणांहून चष्म्यामुळे नकार आला होता, आणि या तिसऱ्या मुलाचा फोटो मला इतका आवडला होता की उशीखाली ठेवून ठेवून मी त्याचा कोपरा मोडला होता. त्यामुळे पिंपळगाव बसवंतहून तो आणि त्याची आई इंदिरानगरच्या आमच्या नव्या घरी आले, तेव्हा माझा चष्मा स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यावर होता. सापाला जवळ येऊच द्यायचं नाही, असा माझा बेत.

नवा स्टीलचा ट्रे गुळगुळीत. कपबश्या नुसत्या घसरत होत्या. खाली काहीतरी घालावं अशी अक्कल मला सुचली. शालूच्या खोक्याचं ते झाकण कपाटावर होतं. त्याची वरची बाजू लाल-सोनेरी, देखणी. तीच वर करून मी ते ट्रेमध्ये घातलं, असं मला वाटलं. चष्म्याविना हळद-कुंकूही लाल-सोनेरीच दिसतं, हे मला त्या दिवशी कळलं. म्हणजे, जरा उशिरा कळलं.

मी ट्रे टीपॉयवर ठेवला. मुलाच्या आईने कपबशी उचलली आणि त्यांचा हात हवेतच थांबला. कपाखालून माझा साप जीभ काढून त्यांच्याकडे बघत होता. अक्षर लावत लावत त्यांनी मोठ्याने वाचलं, "सासूला पसंत नाही."

बाबांचा पोह्यांचा घास तोंडातच राहिला. आई उगाच पदर सारखा करत बसली. मुलगा वाकून सापाची शेपटी कुठे जाते ते शोधत होता. आणि माझ्या मूर्ख डोक्यात आलं काय, तर बरोबरच आहे, मी आज नव्याण्णववरच तर उभी आहे.

"कुनी काढलं ह्ये?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मी. "आन डोळं का बारीक करतीस?" चष्मा आत आहे, म्हटलं. घालून ये म्हणाल्या. घालून आले तेव्हा सगळ्यांचे चेहरे पहिल्यांदा स्पष्ट दिसले आणि मगाचं धुकंच बरं होतं असं वाटलं.

तोवर त्यांनी बाकीच्या कपबश्या बाजूला केल्या होत्या. एकेका घरावर बोट ठेवत त्या वर सरकत होत्या. हसत नव्हत्या. चष्म्याच्या सापापाशी बोट थांबलं, त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बोट पुढे गेलं. शंभरावर टेकलं. पुढचं कुठे आहे, असं त्यांनी विचारलं. मी चाचरत सांगितलं की पुढे काही नसतं, लग्न झालं की खेळ संपतो.

त्यांनी मुलाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी गिळलं जायची वाट बघत उभी.

"संपतोय कशाचा? माझं लगीन झालं तवा मी एकावर व्हते, पोरी. ह्यो पुठ्ठा येताना संगं घेऊन ये, पुढचं आपन दोघी काढू. आन त्यो साप तेवढा बारीक कर, येवढी जाड नाय मी."