बकरीचं पुढे काय झालं

माझ्या मुलीच्या स्कॉलरशिपच्या क्लासचे सर रोज रोह्याहून पेणला येतात. माणूस वाईट नाही. खिशात पोरांसाठी लिमलेटच्या गोळ्या असतात, आवाज कधी चढत नाही. पण ते पाचवीच्या पोरांना उतारावाचन शिकवायला बसले की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. आधी उतारा वहीने झाकायला लावतात. मग टाळीच्या तालावर, "प्रश्न बघा, शब्द पकडा, गोल भरा!" सगळा उतारा वाचणं म्हणजे त्यांच्या मते वेळ फुकट घालवणं.

काल मी लेकीला न्यायला गेले आणि तिच्या मागे उभी राहून उतारा वाचू लागले. उधाणाने खाडीचा बांध फुटतो, सगळं गाव माती टाकायला धावतं आणि एका म्हातारीची बकरी बांधापलीकडे अडकते. लेकीचे सगळे गोल भरून झाले होते, तरी ती मान खाली घालून वाचतच होती. सरांनी अलगद तिच्या हातातून कागद काढून घेतला.

"उत्तरं झाली ना गो? मग आता कशाला वाचत बसलीस?"

तिचे डोळे भरून आले. मला राहवेना.

"सर, निदान त्या बकरीचं काय झालं ते तरी सांगा तिला!"

सर दरवर्षी हाच उतारा घेतात. कागदही त्यांच्याच हातात होता. त्याकडे न बघताच ते हसून म्हणाले, "ते नाय माहीत, ताई. त्याच्यावर प्रश्नच नाय."