वाजा आणि नदीपलीकडचे डॉक्टर

वाजा भाषण बसून करायचे आणि चहा उभ्यानं प्यायचे. कारण विचारलं की म्हणायचे, "उभं राहून केलेल्या भाषणांनी मला तुरुंगात नेलं. आणि चहाचं म्हणशील बेटा, तर आमच्याकडे पेला हातात आला की पोलीस दारात यायचे. तीच सवय राहिली." यातलं खरं किती आणि रंगवलेलं किती, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. माणूस बलुचिस्तानचा, पेशानं मास्तर आणि वर राजकारणी. सरळ उत्तराची अपेक्षा करणाराच खुळा.

वाजा म्हणजे बलोचीत साहेब. त्यांना जाऊन आता दोन वर्षं होतील, पण वॉशिंग्टनजवळ हर्नडनच्या आमच्या अपार्टमेंटमध्ये गाडी लावताना नजर अजून तळमजल्यावरच्या त्यांच्या खिडकीकडे जाते. आता तिथे आंध्रचं एक जोडपं राहतं. चांगली माणसं आहेत, पण मला त्यांचा उगीचच राग येतो.

ते आमच्या घरात आले ते आईमुळे. आई नागपूरहून पहिल्यांदा आली तेव्हा आम्ही तिच्यासाठी व्हीलचेअर मागवली होती. गुडघे ठणठणीत, धास्ती फक्त इंग्रजीची. आपल्याकडची ही सर्वमान्य युक्ती. जवळच्याच डलस विमानतळावर ती खुर्ची ढकलणारे पांढऱ्या मिशांचे गृहस्थ म्हणजे वाजा. एकेकाळी प्रांताच्या विधानसभेत बसलेला माणूस आता आमच्यासारख्यांच्या आया ढकलत होता. बाहेर येईपर्यंत आईला त्यांचा सारा इतिहास पाठ झाला होता. "हे वाजाभाऊ. हर्नडनलाच राहतात, तुमच्याच बिल्डिंगमध्ये," तिनं मलाच ओळख करून दिली, "रविवारी जेवायला येणार आहेत."

त्यानंतर रविवार त्यांचाच झाला. आईच्या वरणभातावर ते लिंबू असं पिळत की जणू त्याच्याकडून कबुलीजबाब काढायचा आहे, आणि मग गोष्टी सुरू व्हायच्या. मकरानच्या किनाऱ्यावर कोळ्यांच्या गावात मास्तरकी, मग पक्ष, तुरुंग, आणि तुरुंगातून सुटून थेट निवडणूक. एकदा ते सभागृहात सरपणाची मोळी घेऊन गेले होते. आमच्या जमिनीतला गॅस दूरच्या शहरांत जळतो आणि माझी आई अजून चूल फुंकते, एवढंच त्यांना सांगायचं होतं. सभापतींनी मोळी बाहेर न्यायला सांगितली. "मी म्हटलं, जरूर. मोळी तुमच्या बंगल्यावर पाठवतो, गॅस आमच्याकडे पाठवा." पुढे त्यांच्या शाळेतली मोठी झालेली मुलं एकेक करून उचलली जाऊ लागली. परत आली नाहीत. त्या मुलांची नावं घेताना मात्र वाजा कधी रंगवून बोलले नाहीत. त्यांची स्वतःची पाळी यायच्या आत मित्रांनी त्यांना देशाबाहेर काढलं.

एका शनिवारी मी त्यांना वॉशिंग्टनला, त्या बेपत्ता मुलांसाठीच्या निदर्शनांना घेऊन गेलो. "तू फोटोत येऊ नकोस हं, आपला व्हिसा रिन्यू व्हायचाय," असं बायकोनं बजावलं होतं, म्हणून मी रस्त्याच्या पलीकडे उभा राहिलो. तिथून गंमत दिसली. फुटपाथवर माणसं जेमतेम पंधरा, पण घोळके दोन, आणि मध्ये एक ट्रक जाईल एवढी जागा.

"ते दुसरे कोण?" मी परतताना विचारलं.

"तेही आम्हीच," वाजा म्हणाले. "तिकडे डॉक्टर आहे."

डॉक्टर हे त्यांचे तुरुंगातल्या एकाच कोठडीतले मित्र. निवडणूक लढवायची की तिच्यावर बहिष्कार टाकायचा, यावरून पक्ष फुटला. वाजा लढले. डॉक्टरांनी भर सभेत त्यांना विकला गेलेला म्हटलं. मग दोघांनाही देश सोडावा लागला, आणि नशिबाची थट्टा अशी की डॉक्टर येऊन राहिले पोटोमॅक नदी ओलांडून मेरीलँडमध्ये, आमच्यापासून तासाभराच्याही आत. पण बोलणं जे बंद झालं ते झालंच.

मला हे सगळं पोरकट वाटलं. आईला वाटलं नाही. फुटीच्या बाबतीत ती पदवीधर आहे. नागपुरात आमच्या चळवळीचे इतके गट पडले की बाबांचा जिवलग मित्र दुसऱ्या गटात गेला आणि एकाच गल्लीत राहून दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. "ह्यांच्या मयताला आला अन् सगळ्यांपेक्षा जास्त रडला," आई म्हणाली. "आधी चहाला आला असता तर काय बिघडलं असतं?"

पुढच्या हिवाळ्यात आई पुन्हा आली होती, तेव्हा बातमी आली की डॉक्टरांचं हृदय थकलं आहे आणि घरात ऑक्सिजन लावला आहे. त्या रविवारी वाजांनी ताट तसंच सरकवलं. "मी गेलो तर तो म्हणेल, वाजानं चूक कबूल केली. चूक माझी नव्हती. पण नाही गेलो तर..." मग त्यांनी मेढीची रीत सांगितली. बलोच माणसाला भांडण मिटवायचं असलं की तो एकटा जात नाही, वडीलधाऱ्या मंडळींना शत्रूच्या दारी पाठवतो. त्याला मेढ म्हणतात. दारी आलेल्या मेढीला नाही म्हणता येत नाही, त्यातून बाईमाणूस असेल तर नाहीच नाही. "पण इथे वडीलधारी माणसं आणू कुठून?"

आईनं पदराला हात पुसले. "मी काय लहान आहे का?"

आम्ही निघालो. आई विहारात नेसते ती पांढरी साडी नेसून पुढे, आणि वाजा कडक इस्त्रीच्या सलवार-कमीजात मागे, परीक्षेला निघालेल्या मुलासारखे. रीतीप्रमाणे ते गाडीतच थांबले. दार डॉक्टरांच्या मुलीनं उघडलं आणि आत वळून म्हणाली, "डॅड, देअर आर सम पीपल हिअर. आय थिंक दे आर लॉस्ट."

आई सरळ आत गेली. "डाक्टर साहब, मैं नागपुर से आई हूँ. मेढ लेके. वाजाभाऊ बाहर गाड़ी में बैठे हैं."

नाकात नळी लावलेला तो किडकिडीत माणूस आळीपाळीनं आमच्याकडे बघत राहिला. "आप कौन से क़बीले से हैं?"

"क़बीला-वबीला नहीं, भैया. हमारे में भी गट पड़े हैं. इसलिए आई."

डॉक्टर खोकला येईपर्यंत हसले. मग खुर्चीचे हात धरून उठू लागले. मुलगी "डॅड, सिट" म्हणत राहिली, पण ते नळी ओढत दारापर्यंत गेले आणि रस्त्याकडे बघून त्यांनी बलोचीत एकच हाक मारली. वाजा गाडीतून कसे उतरले ते मला दिसलं नाही, कारण तोवर माझेच डोळे भरून आले होते.

पहिला चहा संपायच्या आत दोघं भांडायला लागले. विषय तोच, निवडणूक. मी घाबरून मध्ये पडणार, तर डॉक्टरांच्या बायकोनं मला थांबवलं. "राहू दे बेटा. आजारी पडल्यापासून हे इतक्या जोरात बोललेच नव्हते."

मग दर शनिवारी मी वाजांना नदीपलीकडे सोडू लागलो. आई नागपूरला परत गेली, तरी फोनवर आधी माझी नाही, डॉक्टरांची तब्येत विचारायची. एप्रिलमध्ये डॉक्टर गेले. वाजांनी त्यांना स्वतःच्या हातानं आंघोळ घातली, खांदा दिला, माती दिली.

परतल्यावर पार्किंगमध्ये गाडी थांबवली तरी वाजा पट्टा सोडेनात. "गेल्या शनिवारी त्यानं बहिष्काराचा एक मुद्दा काढला," ते शेवटी म्हणाले. "मी म्हटलं, पुढच्या वेळी उत्तर देतो. उत्तर तयार आहे माझ्याकडे."

मी म्हटलं, "मला सांगा."

त्यांनी सांगायला सुरुवात केली. त्या निवडणुकीचं, त्या गावांचं, न परतलेल्या मुलांचं. मला निम्मंच कळत होतं, पण त्यांचा आवाज चिरकू लागला होता, म्हणून मी प्रत्येक वाक्याला हो हो करत मान डोलवत राहिलो.

ते मध्येच थांबले.

"मान डोलवू नकोस," वाजा म्हणाले. "तो डोलवत नसे."